तुम्ही विचारलंत: बर्फावरची गाडी, तिचा क्लब आणि शेतकऱ्याचा होकार

मागच्या अंकात थंड देशांतल्या हिवाळ्याबद्दल लिहिताना स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, क्लबांचा जाता जाता उल्लेख केला होता, चार ओळी असतील फार तर, पण पत्रं आणि मेसेज आले ते बहुतेक त्या चार ओळींवरच. कुणाला गाडीबद्दल विचारायचंय, कुणाला गुलमर्गला जायचंय, एका आईला मुलाची काळजी आहे आणि मंगळवेढ्याच्या एका शेतकरी वाचकाचा प्रश्न तर असा आहे की खरं म्हणजे सगळा विषय त्यातच आला. मी नोकरीनिमित्त काही वर्षं अमेरिकेत मिनेसोटात होतो आणि तिथल्या एका लहान गावच्या क्लबबरोबर सुट्टीच्या दिवशी कामाला जायचो, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, उत्तरं थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी कॅनडात गेलाय, ओंटारिओच्या उत्तरेकडे. रूमवरच्या मित्राने त्याला स्नोमोबाईल क्लबात नेलं आणि आता म्हणतो मी पण मेंबर होणार. गाडीचा फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला. हा क्लब म्हणजे नेमकं काय, श्रीमंतांचा जिमखाना असतो तसं काही आहे का? आणि पोराला जाऊ द्यावं का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : काकू, ते जिमखान्याचं आधी डोक्यातून काढून टाका. बऱ्याच क्लबांकडे धड इमारतसुद्धा नसते, एक पत्र्याची शेड असते, तिच्यात बर्फ सपाट करायचं मशीन उभं असतं आणि महिन्याची मीटिंग कुठल्यातरी हॉटेलच्या मागच्या खोलीत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये होते. मेंबर कोण, तर गॅरेजवाला, शाळेतल्या बाई, रिटायर झालेला शेतकरी, स्कूल बसचा ड्रायव्हर. गाडी ज्याची त्याची. क्लबचं मुख्य काम म्हणजे वाट. जंगलातून, शेतातून, गोठलेल्या तळ्यावरून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी जी वाट असते, तिला तिकडे ट्रेल म्हणतात, ती आखायची, आडवी पडलेली झाडं कापायची, ओढ्यांवर साकव बांधायचे, पाट्या लावायच्या आणि बर्फ पडला की सीझनभर ती वाट गाडी जाईल अशी ठेवायची. ओंटारिओतल्या क्लबांचं मिळून एक फेडरेशन आहे, ओंटारिओ फेडरेशन ऑफ स्नोमोबाईल क्लब्ज, आणि त्यांच्या ट्रेलची लांबी सुमारे 30,000 किलोमीटर भरते. शेजारच्या क्युबेकमध्ये 1974 साली सुरू झालेलं असंच फेडरेशन आहे, तिथलं जाळं 33,000 किलोमीटरच्या आसपास आहे. या ट्रेलवर गाडी न्यायची तर परमिट काढावं लागतं, त्या पैशातून डिझेल, मशीनची दुरुस्ती, साकवाचं लाकूड असा खर्च भागतो, पण हात मात्र बहुतेक गावच्या लोकांचेच असतात आणि ते पगार घेत नाहीत.

पोराचं म्हणाल तर तिकडे डिसेंबरात साडेचार-पाचला अंधार पडतो, महिनोन्‌महिने सगळं पांढरं, कॉलेज आणि रूम सोडून पोरं कुठं जात नाहीत आणि आतल्या आत कुढत बसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. अशा गावात क्लब म्हणजे ओळखी व्हायची जागा असते. मेंबर व्हायला गाडी असावीच लागते असंही नाही, झाडं कापायला आणि पाट्या ठोकायला येणारा माणूस त्यांना हवाच असतो, त्यामुळे मी म्हणेन की जाऊ द्या, खुशाल जाऊ द्या.

आता सुरक्षिततेचं. ओंटारिओत हेल्मेट सक्तीचं आहे, गाडीचा विमा सक्तीचा आहे, चालवणाऱ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्नोमोबाईलचं वेगळं लायसन्स लागतं, ट्रेलवर ताशी 50 किलोमीटरची मर्यादा आहे आणि पोलीस ट्रेलवर येऊन तपासतात. दारू पिऊन स्नोमोबाईल चालवताना सापडला तर कारचं लायसन्सपण जातं. हे सगळं असूनही अपघात होतात आणि ते बहुतेक वेग, रात्र, दारू आणि तळ्याचा बर्फ यातलं काहीतरी एकत्र आलं की होतात. मला सगळ्यात जास्त भीती तळ्याची वाटते. चांगला पारदर्शक कडक बर्फ असला तर माणूस चालायला किमान 10 सेंटिमीटर जाडी लागते आणि स्नोमोबाईलला 13 ते 18, पण तळं सगळीकडे सारखं गोठत नाही, जिथे ओढा येऊन मिळतो तिथे बर्फ पातळ असतो आणि वरून भुसभुशीत बर्फ पडलेला असेल तर खालचं काहीच दिसत नाही. जुने लोक गळ्यात दोन टोकदार दांड्या अडकवून जातात, पाण्यात पडलंच तर त्या बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढता येतं. फोनवर मुलाला एवढं नक्की विचारा की ज्याची गाडी घेतोस तिचा विमा तुला लागू आहे का आणि तुमची वाट तळ्यावरून जाते का. आणि पहिला सीझन क्लबच्या ग्रुपबरोबरच जा म्हणून सांगा, एकटं नाही. ग्रुपमध्ये पुढचा माणूस समोरून येणाऱ्याला बोटं दाखवून कळवतो की माझ्या मागे आणखी किती गाड्या आहेत आणि शेवटचा मूठ दाखवतो की माझ्यामागे आता कुणी नाही. अरुंद वळणावर याच्यामुळे जीव वाचतात.

प्रश्न : सर, व्हिडिओ बघितला, गाडी लई भारी पळते. ही शोधली कुणी आणि चालते कशी? फक्त मजेसाठीच काढली का?
— डिप्लोमा मेकॅनिकल, सात रस्ता

उत्तर : मजेसाठी नाही रे, आणि ही गोष्ट तुला माहीत असायलाच पाहिजे. जोसेफ आर्मांड बोंबार्डिये, जन्म 1907, गाव क्युबेकमधलं व्हालकूर. 1922 साली, पंधरा वर्षांचा असताना, त्याने फोर्डचं जुनं इंजिन आणि मागे विमानासारखा पंखा लावून बर्फावर चालणारी घसरगाडी बनवली, भावाला पुढे स्टिअरिंगला बसवलं आणि गावातून पळवली. तो उघडा फिरता पंखा बघून बापाने ती मोडायला लावली. पुढे पोराने गॅरेज काढलं. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्स फुटून आजारी पडला, दवाखाना शेरब्रुकला, रस्ते बर्फाने बंद, नेता आलं नाही आणि मुलगा गेला. बर्फावर चालणाऱ्या गाडीवर त्याचं काम आधीपासून चालूच होतं पण त्यानंतर वर्षभरात त्याला रबरी पट्टा आणि दातेरी चाकाची जोडी जमली, 1937 मध्ये पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बी-सेव्हन नावाची बंद गाडी बाजारात आली. या गाड्या डॉक्टरांनी वापरल्या, टपालाला वापरल्या, पुढच्या बारा माणसांच्या मॉडेलमधून पोरं शाळेत गेली. मग चाळीसच्या दशकाच्या शेवटी सरकारने खेड्यातले रस्ते हिवाळ्यात साफ करायला सुरुवात केली आणि मोठ्या गाडीची गरजच कमी झाली. हलकी इंजिनं मिळायला लागल्यावर त्याने एका-दोघांपुरती छोटी गाडी काढली, 1959 ची स्की-डू. काढली होती फासे लावून शिकार करणाऱ्यांसाठी आणि दुर्गम वस्त्यांवर जाणाऱ्या मिशनऱ्यांसाठी, पण लोकांनी ती फिरायला घेतली. मिनेसोटातल्या रोझो गावात पोलारिस कंपनीवाले याच सुमारास स्वतःची गाडी करत होते. 1968 मध्ये राल्फ प्लेस्टेड नावाचा मिनेसोटाचाच विमा एजंट साथीदारांना घेऊन स्नोमोबाईलवरून थेट उत्तर ध्रुवावर पोचला.

मेकॅनिकलवाला आहेस म्हणून सांगतो, पुढे दोन स्की, त्या हँडलने वळतात, मागे एकच रुंद रबरी पट्टा, तो फिरून गाडी ढकलतो. गिअर नाहीत, आपल्या स्कूटीत असतो तसाच व्हेरिएटर आणि बेल्ट. अ‍ॅक्सिलरेटर उजव्या अंगठ्याने दाबायचा, ब्रेक डाव्या हाताला, आणि एक दोरी चालवणाऱ्याच्या जॅकेटला अडकवलेली असते, माणूस पडला की ती निघते आणि इंजिन बंद. गाडीचं वजन 200 किलोच्या वर जातं, त्यामुळे तशीच पुढे गेली तर काय होईल याचा विचार कर.

साठच्या दशकाच्या शेवटी शंभराहून जास्त कंपन्या ही गाडी बनवत होत्या आणि लोक वाटेल तिथे घुसवायला लागले, शेतात, रेल्वेच्या कडेने, लोकांच्या अंगणात. भांडणं झाली, कायदे आले, आणि याच काळात गावोगावी क्लब उभे राहिले. म्हणजे गाडी आधी आली आणि शिस्त नंतर, ती शिस्त बऱ्याच अंशी क्लबांनी आणली.

प्रश्न : तुम्ही लिहिलंय की या ट्रेल खाजगी शेतांतून जातात. हे काय पटत नाही मालक. आमच्याकडं वीतभर बांधासाठी भावाभावांत कोर्टकचेरी चालू हाय, पाणंद मोकळी करायची म्हटलं तर तहसीलदार आणि पोलीस बंदोबस्त लागतो. तिथला शेतकरी परक्या पोरांना रानातनं गाड्या पळवू कसं देतो? किती पैसे मिळतात त्याला?
— शेतकरी, मंगळवेढा तालुका

उत्तर : अण्णा, बहुतेक ठिकाणी एक पैसा मिळत नाही. आणि तुमचा प्रश्न बरोबर वर्मावर आहे, कारण या सगळ्या खेळात यंत्र दुय्यम आहे, शेतकऱ्याचा होकार पहिला. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात 1967 पासून क्लबांची राज्य संघटना आहे, तिथल्या ट्रेलपैकी सुमारे 80 टक्के खाजगी जमिनीवरून जातात. उद्या मालकांनी नाही म्हटलं तर परवा तिथे फिरायला वाटच उरणार नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे हे आधी बघा. आपल्याला रस्ता पोट भरायला लागतो, ऊस बाहेर काढायचाय, बियाणं-खत आत न्यायचंय, म्हणून महसूल कायद्याच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते, तो हक्क आहे, आणि हक्क आला की हट्ट आणि भांडण पण येतं. तिथे ट्रेलचा हक्क कुणालाच नाही. मालकाने दिली तर दिली, ती पण फक्त बर्फ असेपर्यंत. मका आणि सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघालेलं असतं, रान एप्रिलपर्यंत बर्फाखाली पडून असतं, उन्हाळा लागला की ट्रेलची खूणसुद्धा राहात नाही आणि या वाटेवरून पुढे कुणी वहिवाट सांगू शकत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत असा कायदा आहे की तुम्ही लोकांना करमणुकीसाठी जमीन फुकट वापरू दिली आणि कुणी तिथे पडून लागलं तर मालकावर सहसा जबाबदारी येत नाही, ओंटारिओतही अशा ट्रेलवर मालकाची जबाबदारी कायद्याने कमी केलेली आहे, वर क्लबचा विमा असतो. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं हे ओझं काढलं नसतं तर कितीही भला माणूस असता तरी नाहीच म्हणाला असता.

पण कायद्याने परवानगी मिळत नाही अण्णा, ती घरी जाऊन मागावी लागते. नोव्हेंबरात क्लबची माणसं एकेका मालकाकडे जातात. मी ज्यांच्याबरोबर गेलो ते आजोबा सत्तरीच्या पुढचे, दारात बूट काढून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, नकाशा पसरला आणि पहिली पंधरा मिनिटं ट्रेलचं नावसुद्धा काढलं नाही, दुधाचा भाव, मक्याचा उतारा, कुणाची कंबर दुखतीये एवढंच. मग मालकानेच पेन घेतला आणि आधीच्या वर्षीची रेघ खोडून कुंपणाच्या कडेने नवी ओढली. म्हणाला यंदा मधल्या तुकड्यात लसूणघास आहे. याचं कारण असं की गाड्यांनी बर्फ दाबला की त्याची ऊब धरायची ताकद जाते, खाली थंडी उतरते, कधी बर्फाचा कडक पापुद्रा धरतो आणि लसूणघासाची मुळं त्याखाली मरतात. मोकळा बर्फ पिकाला पांघरूण असतो, दाबलेला नाही. आजोबांनी काही न बोलता नवी रेघ मान्य केली आणि त्याच आठवड्यात आम्ही त्या रेघेवर लाकडी खुंट्या ठोकल्या, वर चमकणारी पट्टी, फाटकाच्या तारा सोडून बाजूला नीट गुंडाळून ठेवल्या. वसंतात पेरणीच्या आत खुंट्या उपटायच्या आणि तारा पुन्हा ताणून द्यायच्या, हे क्लबचं काम, मालकाला एक खिळा ठोकायला लागता कामा नये.

आणि विश्वास मोडला की काय होतं तेही बघितलं. एका हिवाळ्यात दोन पोरं खुंट्या सोडून एका रानाच्या मधून गेली, पिकावर चाकोऱ्या पडल्या. मालकाने फोन केला की बंद. क्लबने वाद घातला नाही, त्याच संध्याकाळी खुंट्या काढल्या, दोन्ही टोकांना बंदची पाटी लावली. बाकीचा सीझन ट्रेल हायवेच्या कडेच्या चरातून न्यावी लागली, लांबचा वळसा, आणि मधल्या गावातल्या खानावळीची शनिवार-रविवारची गर्दी गेली. तिकडच्या लहान गावांत पेट्रोलपंप, लॉज, खानावळ हिवाळ्यात याच लोकांवर चालतात, त्यामुळे दोन पोरांचा माज सगळ्या गावाला महागात पडतो.

सीझन संपताना क्लब सगळ्या जमीनमालकांना सहकुटुंब जेवायला बोलावतो. मेंबर जेवण वाढतात, मालक पंगतीला बसतात. मला तो कार्यक्रम फार आवडायचा. आपल्याकडे पाणंद मोकळी करून देणाऱ्या शेतकऱ्याला गावाने कधी असं पंगतीत मानाने बसवलंय का, हे मी खरंच विचारतोय, कुणी केलं असेल तर मला कळवा, मी इथे छापेन.

प्रश्न : मी रस्त्याची कामं घेतो. बर्फाचा रस्ता सपाट करायला काय मशिनरी लागते आणि तो टिकतो किती?
— एक कंत्राटदार, अक्कलकोट रोड

उत्तर : टिकत नाही हो, गर्दीच्या शनिवारी दुपारपर्यंतच खराब होतो. प्रत्येक गाडी थोडी उसळते, वेग घेताना पट्टा मागे बर्फ फेकतो, ब्रेक लावताना पुढे ढकलतो, त्याच्यातून उंचवटे आणि खळगे तयार होतात, मागची गाडी त्याच खळग्यात आपटून तो आणखी खोल करते. कंबर मोडेल असे होतात. ते काढायला पट्ट्यांवर चालणारा मोठा ट्रॅक्टर असतो, त्याला तिकडे ग्रूमर म्हणतात, आणि मागे एक लांब जड लोखंडी सांगाडा ओढतात. सांगाड्यात तिरपी पाती बसवलेली असतात, ती उंचवट्याची टोकं तासतात, बर्फ उलटापालटा होऊन त्यातली हवा निघते, खळगे भरतात आणि शेवटी मागचा सपाट पत्रा सगळं दाबत जातो. नुसतं दाबून चालत नाही, खळगा तळापासून कापला नाही तर दुसऱ्या दिवशी तिथेच परत उगवतो, हे तुम्हाला खड्डे बुजवण्याच्या कामातून माहीतच असेल.

यानंतरची गोष्ट मात्र काँक्रीटच्या क्युरिंगसारखी आहे. घुसळलेला बर्फ थंडीत काही तास शांत पडून राहिला तर त्याचे कण एकमेकांना धरतात आणि थर कडक होतो, लगेच गाड्या गेल्या तर केलेलं काम वाया. म्हणून ग्रूमर रात्री निघतो, गर्दी नसते आणि पारा उतरत असतो. मी एका रात्री त्या केबिनमध्ये बसलो होतो, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, त्याहून जोरात नेला तर पाती उड्या मारतात. चालक दिवसा शाळेची बस चालवायचा. हीटरचा आवाज, थर्मासमधली कॉफी, दिव्याच्या उजेडात हरणं उभी, आणि हा माणूस दर थोड्या वेळाने मान मागे वळवून फक्त आपण टाकलेला पट्टा बघतोय, कुठे रेघ उठली की लिव्हर इंचभर खाली. पहाटे उतरलो तेव्हा मागे कॉरडरॉयच्या कापडासारखी बारीक रेघांची वाट होती.

पैशाचं विचाराल तर ही मशीनं नवी फार महाग पडतात, लहान क्लब जुनीच दुरुस्त करत वापरतात. परमिट आणि गाडीच्या नोंदणीचे पैसे असतात, अमेरिकेतल्या काही राज्यांत पेट्रोलवरच्या कराचा हिस्साही ट्रेलसाठी येतो, बाकी पॅनकेकचा नाश्ता, लॉटरी असलं काय काय करून जमवतात.

प्रश्न : आम्ही नान्नजला माळढोक आणि काळवीट बघायला जाणारे लोक. तिथे एखादी जीप माळावर घुसली तरी जीव तुटतो. मग जंगलात शेकडो गाड्या आवाज करत फिरणं तुम्हाला चालतं?
— पक्षीमित्र, बाळे

उत्तर : सगळीकडे नाही चालत आणि चालूही नये. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा धूर आणि आवाज भयंकर होता. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये यावरून वर्षानुवर्षं कोर्टात वाद झाले, आता तिथे रोज किती गाड्या सोडायच्या यावर बंधन आहे, कमी आवाजाच्या आणि कमी धुराच्या ठरवून दिलेल्या गाड्याच चालतात आणि त्याही आखलेल्या रस्त्यावरच. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये डोंगरी कॅरिबूंच्या (रेनडिअरच्या जातीच्या हरणांच्या) भागात स्नोमोबाईलला कित्येक ठिकाणी बंदी आहे. आवाज हे तर कारण आहेच, पण दुसरंही एक आहे जे मला ऐकून धक्का बसला होता, की गाड्यांनी दाबून दिलेल्या वाटेवरून लांडगे सहज वर चढतात, एरवी ते खोल बर्फात तिथवर पोचले नसते.

म्हणूनच मी आखलेल्या ट्रेलच्या बाजूने आहे. हरणाला एक ठरलेली वाट कळते, चारी बाजूंनी कुठूनही येणारी गाडी कळत नाही. जिथे क्लब मजबूत आहे तिथे गाड्या वाटेवर राहतात, जिथे नाही तिथे सगळं रान हीच वाट. नान्नजच्या माळाबद्दल माझं मत तुमच्याइतकंच कडक आहे, माळढोक आता इतके कमी उरलेत की तिथे कसलीच गाडी नको, क्लबची नको आणि शिस्तीचीही नको.

प्रश्न : हवामान बदलतंय, बर्फच पडला नाही तर या क्लबांचं काय होणार?
— शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, ते होतंच आहे. 2023-24 चा हिवाळा मिनेसोटात नोंदीतला सगळ्यात गरम ठरला, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये कितीतरी ट्रेल सीझनभर उघडल्याच नाहीत. नोव्हेंबरात खुंट्या ठोकल्या, साकव दुरुस्त केले आणि मग सगळं तसंच काढून ठेवलं. पर्यटक बर्फ असेल तिकडे उत्तरेला जातो, पण गावच्या क्लबला आपली वाट उचलून नेता येत नाही. काही क्लब उन्हाळ्यात त्याच वाटांवर सायकल किंवा चालणाऱ्यांची सोय करतात, तेही मालकाने हो म्हटलं तरच. यामाहासारख्या कंपनीनेही, 1968 पासून स्नोमोबाईल बनवत असून, 2023 मध्ये हा धंदा थांबवत असल्याचं जाहीर केलं. मला याचं वाईट वाटतं, गाड्या कमी झाल्या म्हणून नाही, तर त्या निमित्ताने एकत्र येणारी माणसं कमी होतील म्हणून.

प्रश्न : आम्ही सहा जण, त्यात सासूबाई आणि दोन लहान मुलं, डिसेंबरात काश्मीरला चाललोय. गुलमर्गला स्नोमोबाईल मिळते म्हणे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : मिळते, तिथे स्नो बाईक, स्नो स्कूटर असं काहीही म्हणतील, गाडी तीच. आपल्याकडे हा प्रकार भाड्याचा आहे, चालक पुढे, तुम्ही मागे. तारखा अजून हलवता येत असतील तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी बघा, डिसेंबरात बर्फाचा भरवसा नसतो, आणि 2024 मध्ये तर जानेवारीतसुद्धा गुलमर्ग कोरडं होतं, लोक माती बघून परत आले. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे आणि गंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा त्याहून बराच वर अफरवत डोंगराकडे जातो. सासूबाईंना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि त्यांना खालीच फिरवा, वर नेऊ नका. गंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाईन काढा.

गाडीवर बसायच्या आधी भाडं, किती वेळ आणि कुठपर्यंत हे तिन्ही बोलून घ्या. हेल्मेट मागा, नाही म्हणाला तर दुसरा बघा. साडी, ओढणी, लोंबता मफलर घालून अजिबात बसू नका, मागचा पट्टा कापड ओढून घेतो. एका गाडीवर चालक सोडून एकच मोठा माणूस बसावा, दोन पोरं मध्ये कोंबून फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. आपण सोलापूरचे, कॉटनवर आपला जीव, पण अंगाला लागून कॉटनचं बनियन नको, घामाने भिजलं की वाळत नाही आणि मग थंडी वाजते, आतून लोकर किंवा सिंथेटिक घाला. गॉगल आणि सनस्क्रीन मुलांनासुद्धा लावा, बर्फावरचं ऊन डोळ्यांना फार त्रास देतं.

चालक म्हणाला की थोडे जादा द्या, तुम्हाला कुणी जात नाही अशा उतारावर नेतो, तर स्पष्ट नाही म्हणा. फेब्रुवारी 2023 मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीअर गेले. बर्फाच्या उताराला जाणणारे लोक अंगावर शोधयंत्र, फावडं आणि लांब काठी घेऊन जातात, ते तुमच्याकडे नसणार. सपाटीवरची अर्ध्या तासाची चक्कर मुलांना पुरे होते. उतरल्यावर त्यांचे मोजे ओले झालेत का बघा आणि कोरडा जोड बॅगेत वरच ठेवा.